पाठीवरचं नाव

मी एक माईक बोलतोय. जन्मभर ऐकण्याचंच काम केलं, आज पहिल्यांदा तोंड उघडतोय.

एका लांबलचक टेबलावर आम्ही शेकडो भावंडं जन्मलो. पोटात तेच यंत्र, अंगावर तोच राखाडी रंग, नाव मात्र कुणालाच नाही. टेबलाच्या टोकाला बसणारी एक ताई प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला छोटा पांढरा ठिपका द्यायची. ठिपका म्हणजे आमचं तोंड. आम्हाला समोरचं स्वच्छ ऐकू येतं, पाठीमागचं जेमतेम.

मला घेणारा दुकानदार तयार माल आणून त्यावर स्वतःचं नाव चिकटवायचा. वायरीही त्याच्याच नावाच्या, स्टँडही. माणूस टापटिपीचा. ठिपक्यावर नाव वाकडं दिसेल म्हणून त्याने माझी कोरी बाजू निवडली आणि माझं नाव पाठीवर गेलं.

मला विकत घेतलं घड्याळजी काकांनी, काकूंसाठी. काकूंनी आयुष्यभर लोकांच्या मुलांना गाणं शिकवलं. लांब राहणाऱ्या लेकीकडे आपला आवाज राहावा एवढीच त्यांची इच्छा. दुपारी खिडक्या लावून, पंखा बंद करून दोघं बसायचे. नाव दिसतं तीच पुढची बाजू, असं धरून काकांनी माझी पाठ काकूंकडे केली. माझं तोंड आलं थेट काकांच्या खुर्चीकडे.

काकू जीव ओतून गायच्या. मग दोघं कॉम्प्युटरवर ऐकायला बसायचे आणि अर्ध्या मिनिटात बंद करायचे.

"मी शेजारच्या घरात गातेय, आणि तुमचा खोकला इथे," काकू वैतागायच्या. "जरा गप्प बसत जा ना."

"मी बोललोच कुठे? स्वस्तातला माईक, दुसरं काय."

काकांनी मला उघडलं. घड्याळाच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने सगळं तपासलं, पुसलं, परत बसवलं. दोष सापडेना. शेवटी त्यांनी दुप्पट किमतीचा माईक आणला. बघतो तर माझाच भाऊ! नाव सोनेरी, पण ठिपक्याच्या बाजूला लावलेलं. काकूंचा आवाज लख्ख आला. "किमतीत फरक असतो बघ," काका म्हणाले. मला हसावं की रडावं कळेना. जुन्या बनियनमध्ये गुंडाळून त्यांनी मला कपाटात टाकलं.

कितीतरी वर्षं मी तिथे होतो. एकदा घरात खूप माणसं आली, हलक्या आवाजात बोलली आणि गेली. त्यानंतर काकांचा खोकला ऐकू आला नाही.

लेक राहायला आली होती. काकू तिला म्हणाल्या, "माझी गाणी ढीगभर आहेत गं. तुझ्या बाबांचा एक शब्दही कुठे नाही."

लेकीने कॉम्प्युटर धुंडाळला. काकांनी 'बाद' असं नाव देऊन ठेवलेली जुनी रेकॉर्डिंग सापडली. तिने एक लावलं आणि या वेळी बंद केलं नाही. लांबून काकूंचं गाणं येत होतं. आणि अगदी कानाशी काकांचा पुटपुटता आवाज: "वा... आता वरचा सूर, सांभाळून... लागला. किती गोड गाते ही."

"तोंडावर कधी चांगलं म्हणाले नाहीत," एवढंच काकू बोलल्या आणि रडल्या. कपाटाच्या अंधारात मलाही भरून आलं.

लेकीने मला बाहेर काढलं. फिरवून पाहताना ठिपका दिसला आणि सगळा उलगडा झाला. "आई, नाव काढून नीट बाजूला लावू का?"

"राहू दे," काकू म्हणाल्या. "त्याने बरोबर माणसाकडे तोंड केलं होतं."

आता मी काकांच्या खुर्चीसमोरच्या फळीवर असतो. माझा रंग उडालाय, वायर कुणी जोडत नाही. तुमच्या घरी 'बाद' म्हणून काही ठेवलं असेल तर एकदा शेवटपर्यंत ऐका, एवढं माझं मागणं आहे. काकू संध्याकाळी गायला बसतात, तेव्हा आधी येऊन माझी पाठ स्वतःकडे आणि तोंड काकांच्या खुर्चीकडे करून घेतात.