मावशीची काडतुसं

मार्चमधल्या एका रविवारी, आर्डिथ मावशी चर्चला गेलेली असताना, कुणीतरी तिच्या मागच्या दाराची कडी उचकटली. चोरानं वारलेल्या काकांची यांत्रिक करवत नेली, फ्रीजमधलं हॅम कापून खाल्लं आणि सुरी धुऊन ठेवली. मावशीला राग होता तो सुरीचा.

"म्हणजे त्याला घाई नव्हती," ती म्हणाली.

शेरिफचा माणूस यायला पन्नास मिनिटं लागली. मिझुरीच्या आमच्या डोंगरात तेवढी लागतातच. दुसऱ्या दिवशी मावशीची मुलगी नोरीन स्प्रिंगफील्डहून आली ती सामान भरायचे खोके घेऊनच. मावशी एकाहत्तर वर्षांची, बोटांचे सांधे सुजलेले, शेजारचं घर दीड मैलावर. तिनं आता घर विकून आपल्याकडे यावं, असं नोरीनचं म्हणणं. दोघी दुपारभर भांडल्या आणि शेवटी तह झाला. काकांचं एक छोटं रिव्हॉल्व्हर घरात होतं. मावशीनं सात पावलांवरून कागदी ताटलीत पाच गोळ्या मारायच्या, पुन्हा भरून आणखी पाच. दहाही लागल्या तर ती घरात राहणार. एक जरी चुकली तर खोके भरायचे. मुदत सहा आठवडे.

"काडतुसं कुठली घ्यायची ते तू बघ," मावशी मला म्हणाली. "शिकलीस ना एवढी?"

मी रसायनशास्त्र शिकले आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत विहिरींचं पाणी तपासते. मला तेवढं निमित्त पुरलं. आठवडाभरात मी छापील चाचण्यांवरून चौदा प्रकारच्या काडतुसांचा तक्ता केला: गोळीचं वजन, वेग, मांसासारख्या घट्ट जेलीच्या ठोकळ्यात किती खोल गेली, किती रुंद झाली. तक्त्यात पहिली आली ती जास्त दाबाची, पोकळ टोकाची गोळी. ती शरीरात शिरली की पोकळीत दाब वाढतो, टोक पाकळ्यांसारखं उलगडतं आणि गोळी आतच थांबते, पलीकडच्या भिंतीतून जात नाही. मला ते फार हुशारीचं वाटलं.

तक्ता घेऊन मी ओडेलकाकांच्या बंदुकांच्या दुकानात गेले. त्यांनी चष्मा लावून तो सगळा वाचला.

"ही मापं घेतली तेव्हा नळी किती लांब होती, शास्त्रज्ञबाई?"

"चार इंच."

"आणि आर्डिथची?"

"दोनापेक्षा जरा कमी."

त्यांनी माझ्या कपात कॉफी ओतली आणि त्या काडतुसांचं खोकं काढून दिलं. "घेऊन जा. रिव्हॉल्व्हर स्वतःच सांगेल."

दुकानामागं मातीचा उंच बांध आहे, तिथं सगळे नेम धरतात. मावशीनं तीन गोळ्या मारल्या. चौथ्या वेळी चाप ओढला तर काडतुसांची चक्री फिरेना.

"अडकलं," ती शांतपणे म्हणाली आणि नळी बांधाकडेच धरून उभी राहिली.

ओडेलकाकांनी बराच वेळ खटपट करून चक्री सोडवली. उरलेल्या एका काडतुसातली गोळी पितळेच्या नळकांड्यातून पुढं सरकून चौकटीला टेकली होती. रिव्हॉल्व्हर दोन सफरचंदांएवढं हलकं. ते धक्क्यानं झटकन मागं येतं, पितळ त्याच्यासोबत येतं, गोळी मात्र जडत्वानं जागेवरच राहू पाहते आणि हलणाऱ्या दातासारखी उपटली जाते. नियम मला शाळेपासून पाठ होता. चौदा ओळींच्या तक्त्यात तो कुठंच नव्हता. मावशीच्या अंगठ्याजवळची कातडी सोलली होती ती वेगळीच.

"चुकलं माझं, मावशी."

"तोंड पाडू नकोस. कारखान्यात नव्या मापाचा बूट यायचा, तोही वहीत झकास दिसायचा. पाय आत जाईपर्यंत."

बुटांच्या कारखान्यात तिनं तीस वर्षं चामडं शिवलं. पुढं ती जे करत गेली ते मी बघत राहिले, आणि कॉलेजात मी केलेल्या बऱ्याच प्रयोगांपेक्षा ते चोख होतं.

ओडेलकाकांनी आपल्या फोडलेल्या खोक्यांमधून तिला चार प्रकारची काडतुसं दिली. मावशीनं प्रत्येक काडतुसावर, गोळी आणि पितळ जिथं भेटतात तिथं, लाल नखपॉलिशची बारीक रेघ ओढली. चार गोळ्या मारायच्या, पाचवी न मारता बाहेर काढायची आणि रेघ तुटली का बघायची. तुटली तर तो प्रकार बाद. एका दिवशी एकच प्रकार, कारण दुसऱ्यापर्यंत हात दुखायला लागतो आणि मग दोष गोळीचा की हाताचा ते कळत नाही, असं तिनं मला समजावलं. पहिल्या फेरीत दोन प्रकार गेले.

मग तिनं दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन पाण्यानं भरून ओळीनं मांडले आणि पुढं काकांचं जाड डेनिमचं जाकीट टांगलं.

"माझ्याकडं कुणी उघडा येणार नाही," ती म्हणाली.

उरलेल्या दोनांतली एक पोकळ टोकाचीच होती, पण कमी दाबाची; ती आम्हाला चौथ्या कॅनमागं सापडली. उमललेली नव्हती. पोकळीत निळ्या धाग्यांचा बोळा बाटलीच्या बुचासारखा घट्ट बसला होता, आणि आखूड नळीतून आलेला वेग तो ढकलून टाकायला पुरला नव्हता. दुसरी होती निव्वळ शिशाची, सपाट तोंडाची, डब्याच्या झाकणासारखी. तिला उमलायचंच नव्हतं. ती पहिल्यापासून पूर्ण रुंद, आणि जाकिटात तिनं गोल, स्वच्छ भोक पाडलं होतं. धक्का इतका कमी की मावशीनं लागोपाठ तीस मारल्या आणि नंतर घरी जाऊन बिस्किटांचं पीठ मळलं.

"हीच," ती दुकानात म्हणाली. "दोन खोकी."

काउंटरला टेकून म्हातारा व्हर्जिल बसला होता. "अगं आर्डिथ, ती कागदाला भोकं पाडायची गोळी आहे. सरावाची."

"मग तू कागदामागं उभा राहतोस का, व्हर्जिल?"

ओडेलकाकांनी हसू लपवायला बिल लिहायला घेतलं.

एक अडचण उरली. सपाट तोंडाचं काडतूस चक्रीच्या भोकात चटकन जात नाही, काठावर अडतं. सुजलेल्या बोटांनी तर नाहीच. मावशीनं आठवडाभर स्वयंपाकघराच्या टेबलावर ओडेलकाकांनी दिलेल्या, दारू नसलेल्या सपाट आणि गोल टोकांच्या काडतुसांनी भरून पाहिलं आणि ठरवलं: पहिली पाच सपाट, दुसरी पाच गोल टोकाची, तेवढ्याच हलक्या धक्क्याची. ती आपोआप घसरत आत जात होती. हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं.

सहाव्या शनिवारी नोरीन आली. तिनं सात पावलं स्वतः मोजली, आणि ती लांब टाकली हे मी पाहिलं. मावशीनंही पाहिलं असणार. ती शेवटच्या पावलावर जाऊन उभी राहिली.

पहिल्या पाच गोळ्यांनी ताटलीच्या मध्यभागी पाच गोल भोकं पाडली. मावशीनं पितळं खाली पाडली आणि दुसरी पाच एकेक करून भरली. काडतूस एकही निसटलं नाही. मग चार गोळ्या. पाचवीआधी तिनं रिव्हॉल्व्हर खाली घेतलं, दोनदा श्वास सोडला आणि मारली.

नोरीन ताटलीपाशी गेली. नऊ भोकं आत होती. दहावीनं कडा फाडली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर.

"नऊ आणि अर्धी," नोरीन म्हणाली.

"बाहेर म्हणायची असेल तर म्हण," मावशी म्हणाली. "मी वाद घालणार नाही. खोके गाडीत आहेत का?"

नोरीननं ताटली काढून उजेडात धरली आणि फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. तिला रडू येत होतं की राग, ते मला कळलं नाही.

"ताटलीला लागली आहे," ती अखेर म्हणाली. "पण रोज फोन करायचा. सहाला."

"सहाला मी जेवते. साडेसहाला."

"साडेसहा म्हणजे साडेसहा, मॉम. पाच मिनिटं उशीर झाला तरी मी गाडी काढेन."

"काढ ना," मावशी चक्री रिकामी करत म्हणाली. "येताना दाराला नवी कडी घेऊन ये."