माझ्यामागे भिंत आहे

मी एक जुना पडदा आहे. समुद्रसफरीच्या एका मोठ्या जहाजावर, खालच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत मी लटकतो. मित्रांनो, पडदा दिसला की तुम्ही खिडकी गृहीत धरता. माझ्यामागे खिडकी नाही. पांढरा रंग दिलेली भिंत आहे आणि वर दिव्याची एक नळी आहे. ती लावली की बाहेर ऊन पडल्यासारखं वाटतं.

शिवणकामाच्या कारखान्यात एकाच निळ्या थानातून आम्हा भावंडांना कापलं. मुकादम कौतुकाने म्हणाला होता, "काय रंग आहे, समुद्रच जणू." भावंडं वरच्या बाल्कनीच्या खोल्यांत गेली आणि मला इथे टांगलं. त्यांना माझी कीव यायची. पुढे ऊन आणि खारा वारा लागून ती विटली, आज त्यांची पायपुसणी झाली आहेत. मी मात्र अजून कोरा दिसतो. प्रवासी खोलीत शिरले की आधी माझ्याकडे येतात, मला झटकन बाजूला ओढतात आणि मग त्यांचं तोंड पडतं. खरं सांगतो, मला ते बघायला आवडतं. इथे दुसरी करमणूक तरी काय आहे?

एकदा एक मावशी आल्या. लग्न केलं नाही, बहीण नोकरीला जायची म्हणून तिच्या मुलाला यांनीच लहानाचं मोठं केलं. समुद्र एकदा डोळ्यांनी पाहायचा, एवढीच त्यांची हौस. तोच भाचा त्यांना घेऊन आला होता. बरोबर त्याची बायको आणि वर्षाचं बाळ. नवराबायको वर बाल्कनीच्या खोलीत उतरले, मावशी आणि बाळ खाली माझ्याकडे. जहाजात चढतानाही सगळे झाकलेल्या पुलावरून आले होते, त्यामुळे मावशींना पाणी दिसलंच नव्हतं.

मावशींनी मला बाजूला केलं. भिंतीवरून हात फिरवला.

"अरे, इथली खिडकी बुजवली की काय?"

"आतली खोली आहे गं. बाळाला अंधारात झोप छान लागते, म्हणून मुद्दाम घेतली. समुद्र काय, वर आहेच. उद्या नेतो."

या जहाजावर खोलीचं दार उघडायला प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. मावशींचं कार्ड भाच्याने स्वतःच्या खिशात टाकलं. "तू हरवशील," तो म्हणाला. गुडघ्याच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिल्या होत्या आणि मोठ्या बॅगा खोलीवर संध्याकाळी येतात, हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पहिली दुपार त्यांनी गुडघा दाबत काढली.

दुसऱ्या दिवशी वर नाच होता. तिसऱ्या दिवशी जहाज बंदराला लागलं आणि जोडपं गाव हिंडायला गेलं. उद्या काही उजाडेना. मग वारा सुटला, जहाज डोलू लागलं आणि मावशींना उलट्या सुरू झाल्या. समुद्र त्यांना भेटला तो असा, थेट पोटात. मी हसलो. मला तोंड असतं तर मोठ्याने हसलो असतो.

खोली झाडणारा म्हणाला, "आजी, डेक सगळ्यांना मोकळा आहे. जाऊन बघून या की."

"दार मागे लागलं तर आत कशी येऊ? बाळ आत आहे, आणि कार्ड भाच्याकडे."

तो टॉवेल बदलून पुढच्या खोलीत गेला.

एके दुपारी बाळ झोपल्यावर मावशींनी दारात चप्पल अडकवली आणि त्या बाहेर पडल्या. जिन्यापाशीही पोचल्या नसतील, तोच भाचा आला. त्याने चप्पल पाहिली.

"बाळाला कोणी उचलून नेलं असतं म्हणजे?" तो अगदी हळू बोलत होता. "तुझ्या भरवशावर ठेवून जातो ना आम्ही?"

"चुकलं रे," मावशी म्हणाल्या. ज्याची दुपटी धुतली, त्याच्यापुढे मान खाली घालून उभ्या राहिल्या.

शेवटच्या दिवशी भाच्याने माझ्यामागची नळी लावली. "मावशी, पडद्याजवळ उभी राहा. जरा हस." फोटो घरी गेला. लगेच त्याच्या आईचा फोन आला.

"ताई, नशीब काढलंस. खोलीतूनच दिसतो का गं समुद्र?"

भाचा समोरच उभा होता. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दिसतो गं. उशालाच आहे."

भाचा खूश झाला. बायकोला म्हणाला, "पुढच्या वेळी आईला आणू. तिचे गुडघे अजून धड आहेत."

मावशींनी ते ऐकलं. तरी फोनवर त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. खरं सांगितलं असतं तर बहीण वाचली असती. पण भाच्याची लाज राखायची होती ना.

मित्रांनो, बुकिंगआधी खोली आतली की बाहेरची ते विचारा. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा आणि ज्याचं कार्ड त्याच्याच हाती असू द्या. म्हाताऱ्या माणसाला हौसेने नेताय की कामाला, हे निघण्यापूर्वी त्याच्या तोंडावर सांगा. तुम्ही सांगणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर माझी नोकरी टिकून आहे.

पुढच्या हंगामात मावशींची धाकटी बहीण, भाच्याची आई, आली. बाळ आता चालू लागलं होतं. तिने त्याला कडेवर घेतलं, हसत हसत माझ्यापाशी आली आणि माझी कड धरून म्हणाली, "ये रे राजा. ताईआजीने पाहिलेला समुद्र दाखवते तुला."