रिकाम्या डबीचं गुपित

मी साखरेची डबी बोलतेय. खरं तर मी बोलायचंच नव्हतं. माझ्या झाकणावर तळहात दाबून माझ्या मालकिणीने, तामूने (मानाने तिला सगळे 'लल्ला' म्हणतात) मला बजावलंय, "तू कुणाला सांगायचं नाहीस." पण मला फार भीती वाटतेय.

माझा जन्म मोरोक्कोतल्या फेझ शहराच्या तांबट आळीत झाला. पितळेचा पत्रा ठोकून ठोकून मला पोट आलं, तीन पाय आले. बिजागरी मात्र पहिल्या दिवसापासून कुरकुरते. तामूच्या लग्नात मी तिच्याबरोबर सफ्रू गावी आले. चाळीस वर्षं मी चहाच्या तबकात किटलीशेजारी बसले. पाहुणा उंबऱ्यात दिसला की पहिली हाक मला. पुदिन्याच्या चहाच्या एका किटलीला माझ्यातले साखरेचे सात-आठ खडे लागायचे. "थोडी कमी घाल" असं कुणी म्हटलं की तामू फणकारायची, "का? माझ्या घरात दुष्काळ पडलाय?"

तिची थोरली बहीण रकिया मधुमेहाची. तिच्या टाचेला एक फोड आला होता. तिने तो मेंदी लावून झाकला. पुढे तिचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. तामू चहाचं तबक घेऊन तिला भेटायला गेली, तेव्हा तबकात मीही होते. रजईखाली जिथे पाय हवा होता, तिथे रजई सपाट होती. ते मी विसरलेले नाही. तामूही विसरलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात तामूलाही तोच आजार निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लल्ला, आत्ताशी सुरुवात आहे. खाणं सांभाळा, रोज चाला. आणि पायांकडे रोज बघत जा."

सून इतिमादने त्याच दिवशी जाहीर केलं, "आजपासून या घरात सगळेच बिनसाखरेचे!" पांढऱ्या पावाच्या जागी जवाची भाकरी आली, तीही चतकोर. मसूर आला, भाजलेली वांगी आली. मला धुऊन-पुसून कपाटात ठेवलं. तामू हसून म्हणाली, "जा बाई, तुला पेन्शन!"

मला वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं.

रोज सकाळी सासू-सून धबधब्याच्या रस्त्याने चालायला जायच्या. पहिल्या दिवशी तामू दमून गल्लीतल्या पावभट्टीवाल्याच्या दारातच बसली होती. दोन महिन्यांनी इतिमाद मागे राहायला लागली. उपाशीपोटीची साखर दोनशे चाळीसवरून एकशे चाळीसवर आली. तामू साऱ्या गल्लीत तो आकडा सांगत फिरली.

म्हणूनच तिला पुढचं सांगता आलं नाही.

बारा दिवसांपूर्वी ती चालून आली आणि एकटीच या खोलीत बसली; कपाटाच्या फटीतून मला सगळं दिसलं. बूट काढला तर आतून खडा पडला. मोजा टाचेला चिकटला होता, रक्ताने. सगळी वाट ती त्या खड्यावर चालली होती आणि तिला काही कळलंच नव्हतं. "रकियाचंही असंच सुरू झालं," ती पुटपुटली. "सांगितलं तर माझं चालणं बंद. मग साखर वाढेल. मग पाय..."

तिने टाच पुसली आणि ती चिंधी माझ्या पोटात कोंबली. कारण या घरात आता मला कुणीच उघडत नाही. बिजागरी कुरकुरू नये म्हणून तिने तिला ऑलिव्हचं तेलही लावलं.

तेव्हापासून रोज एक चिंधी. आधी लाल होत्या, मग पिवळट. परवापासून त्यांना वास येतोय. आणि ती रोज सकाळी हसत हसत, चवड्यावर भार टाकून, चालायला जाते.

आत्ता बाहेर शेजारीण खेद्दूज आलीय; इतिमाद तिला खाला, म्हणजे मावशी म्हणते. हिवाळ्यापासून ती लेकीकडे होती, म्हणून तामूच्या आजाराचं तिला उशिरा कळलं. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाताना न्यायचा तो निळ्या कागदातला टणक साखरेचा सुळका तिने काखेतून काढला, तशी इतिमाद हसतच सुटली.

"खाला खेद्दूज, साखरेच्या आजाराला साखर?"

"मग काय, काकड्या आणू? रिकाम्या हाताने आले असते तर तुझी सासूच गावभर सांगत सुटली असती!"

"अगं, पण मी आता साखर खात नाही," तामू म्हणाली.

"तू खाऊ नकोस. तुझ्या घरी येतात त्यांना तरी खाऊ दे. मी चाळीस वर्षं इथे गोड चहा प्यायलेय, आज काढा पिऊ? इतिमाद, हा सुळका फोडायला हातोडी आण. आणि ती पितळी डबी!"

तामूचा पेला तबकावर आपटल्याचा आवाज आला. "ती नको. ती... काळी पडलीय."

"लिंबाने घासते की," म्हणत इतिमाद आलीच.

कपाटाचं दार उघडलं. तिने मला उचललं आणि नाक मुरडलं. जरा हलवून पाहिलं.

"लल्ला, ही रिकामी होती ना?"



पोरी, उघड. झाकण घट्ट बसलंय, जोर लाव. दवाखाना पाचपर्यंत उघडा असतो. तिला आज बूट घालू देऊ नकोस, आधी टाच बघ. आणि तिच्यावर रागावू नकोस गं, ती नुसती घाबर—

"इतिमाद! आण की डबी इकडे!" बाहेरून खेद्दूज ओरडली.