बोटीवरचे पंधरा शब्द

भाचीसाठी आलेलं स्थळ आश्रुबानं अजून डोळ्यानं पाहिलंही नव्हतं, तोवर ते खोटं ठरवायची तयारी त्यानं पूर्ण करून टाकली होती.

परभणीच्या यष्टी स्टँडसमोर त्याचं सायकलचं दुकान. पंक्चर काढणं हा नावाला धंदा. येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेणं हा खरा. कोणी पत्ता विचारला की हा आधी स्वतःच परगावचा होऊन त्यालाच पत्ता विचारी. कंडक्टरच्या आवाजात "जिंतूर, येलदरी, चला!" असं ओरडून उभ्या रिकाम्या गाडीत पंधरा-वीस माणसं बसवून देई आणि पान चघळत गंमत बघे. वय पंचेचाळीस, मिशीला काळं लावलेलं. दुसऱ्याची थाप पकडण्यात स्टँडवर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "आपण सोता दिवसाला धा मारतो, तवा दुसऱ्याची कळती," असं तोच सांगायचा.

एकच थाप त्याच्या हातून निसटली होती. दोन वर्षांपूर्वी चुलत बहिणीच्या पोरीला त्यानंच एक सरकारी कचेरीतला नवरा बघून दिला. तो कचेरीसमोर चणे-फुटाणे विकणारा निघाला, आणि वर आधीची बायको. पोरगी आता माहेरी होती. त्या घरी आश्रुबा गेला की सगळे चहा देत, पण त्याच्या विनोदाला कोणी हसत नसे.

म्हणून गीताच्या बाबतीत त्याला चूक करायची नव्हती. गीता म्हणजे सख्ख्या बहिणीची, सरजाबाईची लेक. पोखर्णीजवळच्या खेड्यात मायलेकी राहत. बाप जाऊन सहा वर्षं झालेली. त्यामुळं लग्नात मामाचा शब्द शेवटचा. पोरगी मॅट्रिक पास, डी.एड.चा फॉर्म भरून बसलेली. आणि स्थळ आलं होतं गंगाखेडकडचं, माणिकरावांचा सूर्यभान. दुष्काळाच्या साली मुंबईला गेला, दोन वर्षं बोटीवर खलाशी होता, आता गंगाखेडला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात लागला होता.

"आफ्रिकेपस्तोर जाऊन आला म्हनं पोरगा!" सरजाबाई हरखून सांगत होती.

"आफ्रिका!" आश्रुबा म्हणाला. "कल्याणच्या पुढं गेला असंल तर नाव बदलीन."

दुकानाला लागून हाजीसाहेबांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान. हाजीसाहेब बोटीनं जाऊन हज करून आलेले. आश्रुबानं त्यांना चहा पाजला आणि बोटीवरची बोली विचारली.

"जहाज में हर चीज का नाम अलग रहता मियाँ," हाजीसाहेब दाढी कुरवाळत म्हणाले. "ड्रायवर कू कप्तान बोलना. टेसन कू बंदर. खोली कू केबिन. और आगे का हिस्सा सबसे ज्यादा हिलता. मैं आगे था. नौ दिन उलटी किया."

आश्रुबानं ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पंधरा शब्द लिहून घेतले आणि मग आपला डाव सांगितला. आपण मुद्दाम सगळं चुकीचं बोलायचं. पोरगा खरंच बोटीवर राहिलेला असला तर त्याला राहवणार नाही, तो दुरुस्त करील. यष्टीला कोणी आगगाडी म्हणालं तर आपल्याला राहवतं का?

"सीधा पूछ लेओ ना लड़के कू," हाजीसाहेब म्हणाले.

"सीधं इचारण्यात काय मजा हाय, हाजीसाब?"

रविवारी सकाळी सरजाबाईच्या घरी पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली चटई. माणिकराव म्हणजे ताठ मानेचा, कमी बोलणारा म्हातारा. त्यांची बायको तानुबाई. आणि सूर्यभान, पंचविशीचा, रुंद हाडाचा, इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेला. सुशील्याच्या, फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, ताटल्या आल्या. गीता ताटल्या ठेवून आत गेली, पण दाराचा पडदा पुरता बंद झाला नाही.

"मंग पाव्हणं," आश्रुबानं सुरुवात केली, "बोटीचा ड्रायव्हर लय तापट असतो म्हनं?"

सूर्यभाननं मान वर केली. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग तो म्हणाला, "व्हय मामा. असतो जरासा."

एक, आश्रुबानं मनात मोजलं.

"अन् टेसन आलं की? ब्रेक दाबून उभी करतेत, का रस्सी बांधतेत?"

"ब्रेकच दाबतेत, मामा."

दोन आणि तीन. आश्रुबाला चुरमुऱ्यांची चव गोड लागायला लागली. असा गडी त्याला वर्षात मिळाला नव्हता.

"तुमचा डबा कितवा होता?"

"डबा… खालचा होता. लय खालचा."

"बरं, यष्टीत कसं, मागं बसलं की गचके. तसं बोटीत पुढच्या शिटावर बसलं तर गचका बसतच नसंल?"

"व्हय. पुढं कमीच."

हाजीसाहेबांच्या नऊ दिवसांच्या उलट्या आश्रुबाच्या डोळ्यासमोरून गेल्या. तो आणखी रंगात आला. बोटीचं टायर, बोटीचा फाटकवाला, बोटीचं डिझेल भरायचा पंप; जे सुचेल ते बोलत गेला. पोरगा प्रत्येक वेळी ताटलीकडं बघून "व्हय मामा" म्हणत होता. पंधरावा शब्द संपला तशी आश्रुबानं ताटली खाली ठेवली, हात पुसला आणि खिशातून पुठ्ठा काढला.

"माणिकराव, राग मानू नका. लेकीचा मामला हाय." त्यानं पुठ्ठा चटईवर ठेवला. "हे पंधरा शब्द. मी पंधराच्या पंधरा चुकवले. तुमच्या लेकानं एक बी दुरुस्त केला न्हाई. बोटीला ब्रेक असतो म्हनं! ह्यानं बोट बघितली असंल तर कॅलेंडरवर."

आपल्या बोलण्यावर हसायला तो क्षणभर थांबला. कोणी हसलं नाही. सरजाबाईचा चेहरा पडला. माणिकरावांनी लेकाकडं पाहिलं आणि नजर तिथंच ठेवली.

बोलली ती तानुबाई. "अवो, तुमी पोरीचे मामा. पहिल्यांदा बसलाय समोर. तुमाला त्यो तोंडावर म्हनंल का, मामा तुमी चुकायलात म्हनून? तसं वळण न्हाई आमच्या घरात. तुमी उंट म्हनला असता तरी त्यो व्हय म्हनला असता."

आश्रुबाला हे सुचलंच नव्हतं. स्टँडवर कोणी कोणाचा मान ठेवत नाही. तिथं चुकलं की चार जण तुटून पडतात. त्याच्या सापळ्याला त्याच हवेची सवय होती.

आणि तेवढ्यात पडद्याआडून गीताचा आवाज आला, "मामा, तुमी त्यास्नी एक तरी गोष्ट इचारली का? सगळं तुमीच बोललात."

"गप ग," सरजाबाई म्हणाली, पण जोर नव्हता.

"बरं बाबा, चुकलं माझं," आश्रुबा म्हणाला. "आता मी गप. मोकळेपनानं सांगा पाव्हणं. कप्तान कसा होता?"

सूर्यभाननं हात मांडीवर पुसले. "कप्तानाला मी कधी बघितलं न्हाई, मामा. आमच्यावर सारंग असायचा. सारंग म्हंजी मुकादम. त्याच्या खाली टंडेल. पुढच्या टोकाचं म्हनाल तर ठावं न्हाई, आमाला तिकडं जायाला बंदी. पासिंजर असताना वरच्या डेकवर बी बंदी. बंदराला लागलं की दोरानं बांधायचे, ते मी ऐकायचो. माणसं वरून पळायची, आवाज खाली यायचा."

सारंग आणि टंडेल पुठ्ठ्यावर नव्हते. आश्रुबानं खोटं बोलणारी माणसं शेकड्यानं पाहिली होती आणि त्याला एकदम कळलं की पोरगा बोटीवर होता. बढाई मारणारा आपण सगळं पाहिलं म्हणतो. काय पाहू दिलं नाही ते सांगत नाही.

इथं गप्प बसता आलं असतं. पण तोंडाला सवय वाईट.

"मंग काम काय होतं तुमचं?"

सूर्यभान हातांकडं बघत राहिला. आश्रुबाला तो प्रश्न परत गिळावासा वाटला.

"टोपाज," सूर्यभान म्हणाला.

हा शब्द खोलीत कोणालाच माहीत नव्हता. हाजीसाहेबांनीही तो सांगितला नव्हता. तिकीट काढून जाणाऱ्याला तो लागतच नसावा.

"टोपाज म्हंजी झाडूवाला. फरश्या अन् संडास. तीनशे पासिंजर होते एका खेपेला. समुद्र खवळला की सगळे ओकायचे, ते बी आमीच पुसायचं. म्हनून तुमी बोलत होता ते बरं वाटत होतं मामा. तुमी बोलत होता तवर मला बोलावं लागत नव्हतं."

तानुबाईनं पदर तोंडाला लावला. तिला हे आत्ताच कळत होतं. माणिकराव हलले नाहीत. छप्पन साली धर्म बदलला त्याच्या दुसऱ्याच वर्षी ह्या माणसानं गावात सांगितलं होतं, मेलेली ढोरं आमी ओढणार न्हाई. गावानं वर्षभर त्यांना रानात काम दिलं नव्हतं. कण्या खाऊन काढलं, पण ढोराला हात लावला नाही. हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आश्रुबालाही.

"मला का सांगितलं न्हाई?" माणिकरावांनी विचारलं.

"तुमी गावभर सांगत होता अण्णा, पोरगा खलाशी हाय म्हनून."

माणिकराव कोर्टात वकील विचारतो तसं एकेक विचारू लागले.

"पगार देत होते?"

"व्हय."

"सोडायचं म्हनलं तर सोडता येत होतं?"

"येत होतं."

"मंग ते येगळं," म्हातारा म्हणाला. "आपल्याला सोडता येत न्हवतं. सोडलं तर गाव उठत होतं." आणि थोड्या वेळानं, जरा हळू आवाजात, "त्या कामाला माणसं कुठली होती?"

"आपलीच. सगळी आपलीच, न्हाईतर त्याच कामावर जन्मलेली."

"मंग तेवढं येगळं न्हाई."

"न्हाई," सूर्यभान म्हणाला. "ते मला बी उशिरा उमगलं. दुसऱ्या साली सारंग म्हनला, तुझा धाकटा भाऊ हाय ना, त्याला पुढल्या खेपेला घेऊन ये, त्याला काम शिकवावं लागनार न्हाई. त्या खेपेला मुंबईला उतरलो ते परत चढलोच न्हाई."

बाहेर कोंबड्या उकिरडा उकरत होत्या, तो आवाज आत येत होता. माणिकरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरजाबाईला म्हणाले, "बाई, लपवलं ते खरं. आमाला बी आत्ताच कळलं. आता तुमी सांगा काय ते. आमी नाराज होनार न्हाई."

सरजाबाईनं भावाकडं पाहिलं. मामाचा शब्द शेवटचा.

आश्रुबा पुठ्ठ्याकडं बघत होता. आपल्याच नियमानं बघितलं तर थाप पकडली गेली होती. झाडूवाला होता आणि खलाशी सांगितलं. त्या चणेवाल्यानंही कामाचं नाव बदलूनच सांगितलं होतं. पण चणेवाला बैठकीत कसा बोलत होता, ते आश्रुबाला नीट आठवत होतं: साहेब कसा आपल्या शब्दाबाहेर नाही, बदली कशी थांबवली, सगळं न विचारता. त्या दिवशी आश्रुबा खुशीत मान डोलावत होता. आणि आज समोर बसलेल्या ह्या पोरानं बोटीवरच्या दोन वर्षांबद्दल एक वाक्यही स्वतःहून मोठं करून सांगितलं नव्हतं. दोन्ही खोटंच. दोन्हीला एकच शब्द वापरायचा का, हे त्याला ठरवता येईना. आणि चूक झाली तर त्या चुकीसोबत गीतालाच राहायचं होतं.

"मला कशाला इचारता?" तो शेवटी म्हणाला. "माझी अक्कल बघितली सगळ्यांनी. गीते, बाहीर ये. तुला काय इचारायचं ते तूच इचार."

गीता बाहेर आली. आईजवळ न बसता चटईच्या या टोकाला, सूर्यभानच्या समोर बसली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज ठीक होता.

"आनखी काय लपवलंय?"

सूर्यभाननं विचार केला. "शर्ट माझा न्हाई. वर्कशॉपातल्या गड्याचा हाय."

तानुबाईनं कपाळावर हात मारला. गीता हसली नाही, पण तिला हसू आवरावं लागलं, हे आश्रुबाच्या नजरेतून सुटलं नाही.

"मला डी.एड. करायचंय. दोन वर्षं लागतील. परभणीला राहून."

"व्ह…"

"नुसतं व्हय म्हनू नका," गीता म्हणाली. "पटत नसंल तर आत्ताच सांगा. मला व्हय म्हननारा नकोय."

सूर्यभान थांबला. त्यानं बापाकडं पाहिलं, मग आश्रुबाकडं. दोघांपैकी कोणी मदत केली नाही.

"शिकनं पटतं," तो म्हणाला. "परभणीला राहनं पटत न्हाई. आईला आता नीट दिसत न्हाई. मी दिवसभर वर्कशॉपात. गंगाखेडहून रोज रेल्वेनं जाता येतं की."

"रेल्वे येळेवर असती का कधी?"

"सकाळची असती."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात… न्हाई."

"मंग?"

"मंग पावसाळ्याचं बोलू. बाकीच्या आठ म्हयन्यांचं काय हाय?"

गीतानं पदर सारखा केला आणि जरा पुढं सरकून बसली. आश्रुबाला यष्टीचं अख्खं टाइमटेबल पाठ होतं. सकाळच्या दोन गाड्या ओठावर आल्या होत्या.

सरजाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. "दादा, बोल की काहीतरी."

"थांब ग," आश्रुबा म्हणाला. "ते दोघं बोलायलेत."