पुढच्या वर्षी पोर्तुगाल

मित्रांनो, मी गोठ्यात असताना आत डोकावणाऱ्याला आधी वाटे, ही गाय जरा चौकोनी दिसते. पण मी गाय नाही. मी मोटारीच्या मागे जोडून न्यायची जुनी कॅरॅव्हॅन आहे. दोन चाकं, दोन पलंग, एक शेगडी, आणि एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याला बसावंच लागेल एवढी ऐसपैस जागा.

वीबे आणि यांतीना या जोडप्याने मला नवीकोरी घरी आणली, तेव्हा शेजारीपाजारी येऊन माझ्या पत्र्यावर टकटक करून गेले. आमच्या हॉलंडात कौतुक असंच करतात. हिवाळ्यात मी हार्म नावाच्या शेतकऱ्याच्या रिकाम्या गोठ्यात, माझ्यासारख्या आणखी काही जणींबरोबर, भाड्याने राही. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी दोघं थर्मास घेऊन येत, अंगातले कोट न काढता माझ्या आत बसत आणि नकाशा पसरून उन्हाळ्याचा बेत आखत. कॉफीबरोबर एकेक बिस्कीट. दुसरं मागायची पद्धत नाही.

यांतीनाचं बोट नकाशावरून सरकत सरकत पोर्तुगालच्या टोकाला, समुद्रापाशी थांबे. वीबे ते हळूच उचलून फ्रान्समधल्या नेहमीच्या नदीकाठी ठेवी. "पुढच्या वर्षी पोर्तुगाल," असं तो म्हणे, आणि सामानाकडे वळे. माझ्यावर भार पडू नये म्हणून प्रत्येक वस्तू न्हाणीघरातल्या काट्यावर तोलली जाई. यांतीनाची पुस्तकं जड म्हणून घरी राहत. बटाट्यांचं पोतं मात्र येई, कारण फ्रेंच बटाट्यांवर वीबेचा विश्वास नव्हता.

नदी चांगली होती, तक्रार नाही. पण त्याच झाडाखाली उन्हाळ्यामागून उन्हाळा उभं राहून मलाही त्या टोकाची ओढ लागली. जिथे रस्ताच संपतो, तिथे एकदा उभं राहावं असं वाटे.

मग वीबेची नजर अधू झाली. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. यांतीनाने मला कधी ओढलंच नव्हतं. जानेवारी आला, गेला. कुणी फिरकलं नाही. टपावर शेवाळ चढलं. गादीत उंदरांनी संसार थाटला. गोठ्याचं दार करकरलं की मी आशेने बघे. हार्म शेजारची कॅरॅव्हॅन बाहेर काढी आणि दार लावून घेई.

यंदा यांतीना एकटी आली. तिने उंदरांना बाहेरची वाट दाखवली, शेवाळ घासलं, आणि हार्मच्या शेतात मला मागे घ्यायला शिकू लागली. गाडीचं चाक डावीकडे फिरवलं की मी उजवीकडे जाते, हे तिला कुंपण मोडल्यावर पटलं.

"ते कुंपण मला अजून हवं होतं," हार्म म्हणाला.

मग ती मला घरासमोर घेऊन आली. आमच्या गावात रस्त्यावर तीनच दिवस उभं राहू देतात. तेवढ्यात सामान भरून निघायचं, नाहीतर परत गोठ्यात. वीबे खिडकीत रुसून बसला. दोन दिवस यांतीना एकटीच सामान आणून ठेवत होती. तिसऱ्या दिवशी तो दारात आला.

"बायकोने न्यायला मी काय पार्सल आहे?"

"पार्सल गप्प बसतं," यांतीना म्हणाली. "मी पोर्तुगालला चालले. यायचं तर ये. नाहीतर मंगळवारी कचऱ्याचा डबा बाहेर ठेव."

तिने इंजिन सुरू केलं. माझी चाकं थरथरली. बराच वेळ गेला. मग वीबे चाचपडत आला, शेजारच्या सीटवर बसला आणि नरमाईने म्हणाला, "जाताना नदीकाठी एक रात्र थांबू या?"

"परतताना," यांतीना म्हणाली.

मित्रांनो, झाकून ठेवलं की आम्ही टिकतो, असा लोकांचा समज आहे. टिकतो खऱ्या, पण नुसत्याच. आमची काळजी घ्यायची असेल तर खिडक्या उघडा, चाकांत हवा भरा आणि आम्हाला घेऊन निघा.

स्पेन मागे पडला आहे. मघापासून खारट वास येतो आहे. वीबे म्हणतो, डिझेलचा आहे. पुढे आणखी एक चढ दिसतो. त्याच्या पलीकडे समुद्र असावा.