हिवराजवळची डावी वाट

हेमलाला स्वस्थ बसता येत नाही, हे वाशिमकडच्या मालेगावच्या भाजीबाजारात कुणालाही विचारा. गिऱ्हाईक नसलं तर ती सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, बांधलेल्या जुड्या सोडते आणि पुन्हा बांधते. वांगी पुसते. शेजारणीची वांगीही पुसते. नवरा धनराज म्हणतो, "इच्या पायाले भिंगरी हाये अन् हाताले खाज." अशा बाईला त्या रविवारी सकाळी साडेआठपासून एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. यापेक्षा मोठी शिक्षा तिला कोर्टानंही दिली नसती.

खुर्ची होती तिच्या माहेरच्या गावी, शाळेच्या पटांगणात. डोंगराच्या पलीकडून निघालेल्या सायकली सागाच्या जंगलातून, नाल्यांतून, मुरमाड चढउतारांवरून बावीस किलोमीटर कापून इथे पोचायच्या होत्या. मुलींच्या गटात सात जणी होत्या आणि त्यातली एक हेमलाची संस्कृती, वय वर्षं सतरा. पहिल्या तिघींना पुण्याला महिनाभराच्या शिबिराला नेणार होते. संस्कृती गेलं वर्षभर त्या शिबिराचं नाव घेऊन उठत होती आणि त्याचंच नाव घेऊन निजत होती. शाळेच्या साध्या सायकलला मागे मेथीचं पोतं बांधून तिनं चढावर पाय घट्ट केले होते. आजची जाड टायरची सायकल मात्र वाशिमच्या प्रसेनजित सरांनी वापरायला दिलेली होती. शर्यतही त्यांनीच भरवली होती.

खुणा करायला आदल्या दिवशी सरांनी हेमलालाच सोबत नेलं होतं. त्या डोंगरात तिनं लहानपणी शेरडं राखलेली. कोणती वाट कुठे जाते आणि कोणती नुसती फसवते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सर प्रत्येक वळणावर झाडाला लाल पट्टी बांधत होते आणि हेमला "इकून सर, तिकून नाई" करत पुढे पळत होती. संस्कृतीला त्याचा कोण अभिमान. मैत्रिणींना सांगत सुटली होती, "रस्ता तर माया मम्मीनंच आखला."

आता यात भानगड काय झाली ते ऐका. डोंगरमाथ्याच्या थोडं खाली हिवराचं एक जुनं झाड आहे. तिथे वाट फुटते. उजवी गावाकडे उतरते, डावी खोऱ्यात जाऊन नाल्यात संपते. त्या हिवराला तिकडची माणसं चिंधीबोवा म्हणतात. लांबच्या वाटेला निघालेलं माणूस धड परत यावं म्हणून त्याच्या फांदीला अंगावरच्या कपड्याची चिंधी बांधायची, अशी रीत. पूर्वी झाड चिंध्यांनी भरलेलं असायचं. आता माणसं मोटारसायकलीनं पक्क्या रस्त्यानं जातात, त्यामुळे बोवा उघडाच पडलाय. सर मोबाइलमध्ये नकाशा बघत उजवीकडून पुढे गेले, वळणापलीकडच्या सागाला त्यांनी लाल पट्टी बांधली. हेमला मागे राहिली. डोक्याला उन्हासाठी गुंडाळलेली संस्कृतीची निळी ओढणी तिनं सोडली, तिची पट्टी फाडली आणि डाव्या अंगाच्या फांदीला बांधली. "पोरगी साबूत येऊ दे बोवा," एवढंच म्हणाली. हात जोडले आणि पळत सरांना गाठलं.

पावणेदहाला पहिली मुलगी आली, अकोल्याची. पाच मिनिटांनी दुसरी. हेमला खुर्चीवरून उठली ती उठलीच. सरांनी माथ्यावर पाणी द्यायला बसलेल्या शालिकरामभाऊंना फोन लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ताई, संस्कृती तं सगळ्याच्या पुढं होती म्हणते भाऊ. दोन मिनिटं पुढं. हिवराकडं उतरतानी पाह्यलं त्यायनं तिले."

 हिवर म्हटलं आणि ती निळी पट्टी हेमलाच्या डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली. बाकीच्या मुलींना ती झाडाला अडकलेली चिंधी वाटली असेल. एकाच मुलीला ती आईची खूण वाटणार होती.

"मी आणतो तिले," ती म्हणाली. वऱ्हाडातल्या बाया 'आणते' नाही, 'आणतो'च म्हणतात.

"ताई, ऐका. तिसरी जागा रिकामी हाये अजून. मागच्या पोरी लांब हायेत. पण तिले हात लावू नोका. सायकलले बी नाई. कोणाची मदत घेतली का नाव बाद."

हेमलानं मान डोलावली आणि पदर खोचून शेरडांच्या वाटेनं डोंगर चढायला लागली. चाळिशीची बाई, पण अशी चढली की खाली उभे राहिलेले बघतच राहिले. सागाची वाळलेली पानं पायाखाली कडाकड मोडत होती आणि प्रत्येक आवाजाला तिला वाटत होतं, सायकल पडली. आपणच देव पाण्यात घातले आणि आपणच पोरीला बुडवलं, असं ती स्वतःला सांगत होती. चिंधीबोवालाही दोन शिव्या घातल्या. मग घाबरून तिथल्या तिथे माफी मागितली.

हिवराजवळ ती थांबली नाही. डाव्या वाटेवर टायरची नक्षी स्पष्ट उमटली होती. त्या नक्षीवरून ती खोऱ्यात उतरली आणि अर्ध्या उतारावर संस्कृती दिसली. सायकल खांद्यावर घेऊन वर येत होती. गुडघा सोललेला, हेल्मेट मागे सरकलेलं, तोंड धुळीनं माखलेलं. हेमलाचा जीव भांड्यात पडला आणि हात आपोआप पुढे झाले.

"हात नोको लावू." संस्कृती ओरडली नाही. दम लागल्यामुळे तिला ओरडता येत नव्हतं. "खाली रस्ताच नाई मम्मी. नालाच हाये."

"मले मालूम हाये."

"मायावाली ओढणी होती ना ते?"

"हो."

"सरायच्या पट्ट्या सरल्या होत्या का?"

खोटं बोलायला एवढी सोपी जागा हेमलाला पुन्हा मिळाली नसती. हो म्हटलं असतं तर पाप सरांच्या पट्ट्यांच्या माथी गेलं असतं. तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं.

"नाई. बोवाले बांधलं होतं. तू साबूत यावं म्हणून."

संस्कृती दोन पावलं चढली. मग थांबली, पण वळली नाही.

"बाकीच्या पोरीयच्या मायांनी बांधलं का?"

"नाई."

"मंग तूच काहून? मले जमते, असं तुले वाटतच नव्हतं."

हेमलाला सांगायचं होतं की तसं नाही, वाटत होतं, पण भीतीही वाटत होती आणि दोन्ही एकाच वेळी वाटतं.  पण पोरगी पुढे चढत होती आणि सायकलचं मागचं चाक हेमलाच्या तोंडापुढे हळूहळू फिरत होतं. एका ठिकाणी संस्कृतीचा पाय मुरमावरून सटकला. ती गुडघ्यावर आली, त्याच सोललेल्या गुडघ्यावर. हेमलानं दोन्ही हात काखेत दाबून धरले. एवढ्या वर्षांत त्या हातांना इतकं जड काम कधी पडलं नव्हतं. पोरगी उठली, सायकल पुन्हा खांद्यावर घेतली.

दोघी हिवरापाशी पोचल्या आणि समोरून एक सायकल सुसाट उतरत गेली. रिसोडची मुलगी, पिवळा टी-शर्ट. संस्कृतीनं सायकल टेकवली, टांग मारली आणि तिच्या मागे निघाली. आता नुसता उतार होता, तीन किलोमीटर. वळणावळणाला ब्रेक कचकचत होते. मग तेही ऐकू येईनासे झाले. हेमला त्या बाजूला कान देऊन उभी राहिली, मग पळत सुटली.

ती पटांगणात पोचली तेव्हा संस्कृती जमिनीवर बसून पाणी पीत होती. सर हेमलाजवळ आले.

"दोन सायकलींचं अंतर राह्यलं ताई. चौथी आली."

"सर, चुकी तिची नाई. मी केली." हेमलानं सगळ्यांपुढे, मोठ्यानं, ओढणीपासून नाल्यापर्यंत सगळं सांगितलं.  सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मले पटते ताई. पण तिसऱ्या पोरीले मी काय सांगू?"

 पिवळ्या टी-शर्टवाली मुलगी आईला मिठी मारून रडत होती आणि तिनं कुणाचं काही घेतलं नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये मायलेकी शेजारी बसल्या. शेलूबाजार येईपर्यंत संस्कृती खिडकीबाहेर बघत होती. हेमलाच्या मांडीवर औषधाची पट्टी होती; ती गुडघ्याला लावू का, हे विचारायची तिला हिंमत होईना. अखेर पोरीनंच तिच्या हातून ती घेतली आणि स्वतः लावली.

"पुढच्या महिन्यात मेळघाटात एक शर्यत हाये," ती म्हणाली. "दोन रोजाची. मी एकलीच जाईन. तू नोको येऊ."

हेमलाच्या जिभेवर सगळं एकदम आलं. नीट जाजो, पोचल्यावर फोन करजो, रात्री कोठी राह्यशील, बाप काय म्हणीन. आपल्याकडे निघणाऱ्या माणसाला कुणी नुसतं जा म्हणत नाही; जाऊन ये म्हणतात, सांभाळून म्हणतात, मागे काहीतरी बांधून देतात.

"जाय," हेमला म्हणाली, आणि पुढचं सगळं गिळून गप्प बसली.