कप्तानाच्या तोंडचा कर्णा

ठण्... ठण्... ठण्... पोर्ट्समथ बंदरातल्या तांबटाची ती हातोडी अजून माझ्या अंगात घुमते. तिनंच मला एका टोकाला निमुळतं आणि दुसऱ्या टोकाला ऐसपैस केलं. मी पितळी कर्णा. माझ्यातून ओरडलं की भर वादळातही डोलकाठीवरच्या खलाशाला ऐकू जातं. आजवर दुसऱ्यांचंच बोललो. आज थोडं माझं बोलतो.

अँब्रोज ट्रेगिअर कप्तान झाला, त्याच दिवशी त्यानं मला विकत घेतलं. बरोबर सायलस लुस्कम होता, त्याचा जुना दोस्त. दोघं पोरवयात एकाच जहाजावर चढलेले. लुस्कम पोट धरून हसला. "अरे, तुझं घोरणं फ्रान्सपर्यंत ऐकू जातं. तुला कर्णा कशाला?"

पुढे लुस्कम त्याच्याच हाताखाली पहिला लेफ्टनंट म्हणून आला, आणि 'अरे'चं 'साहेब' झालं.

कप्तानाचा थाट काय सांगू! सूर्य डोक्यावर आला म्हणून जहाजावर बारा वाजत नाहीत. अधिकारी येऊन म्हणतो, "साहेब, बारा झाले." कप्तान म्हणतो, "करा बारा." मग घंटा होते. सूर्य बिचारा तोवर ताटकळतो. जहाजावर जो तो कप्तानापुढं टोपी काढतो, कप्तान कुणापुढं काढत नाही. सकाळी डेक घासलंय का ते बघायचं, शिडांकडे बघून नाक मुरडायचं, दारू पिऊन भांडणाऱ्यांचा न्याय करायचा. जेवायचं मात्र एकट्यानं, कारण कप्तानानं कुणात मिसळायचं नसतं. अगदीच मनातलं काही असलं, तर आमचा कप्तान जहाजावर दुधासाठी पाळलेल्या शेळीला सांगे. ती रवंथ करत ऐकून घेई.

एकदा फ्रान्सच्या किनाऱ्यासमोर समुद्रात पहारा देताना वादळ उठलं. वरचं शीड काही उतरेना. कप्तानानं मला तोंडाला लावलं. "मिस्टर लुस्कम! झोपलात की काय? शीड उतरवायला आईला बोलावू का तुमच्या?"

सगळ्या जहाजानं ऐकलं. लुस्कम तेव्हा स्वतः वर चढून, अडकलेला दोर कापत होता. कप्तानाला ते कळलं तोवर शीड उतरलं होतं. शब्द मात्र कधीच सुटून गेले होते.

माफी मागायची तर खलाशांसमोर कशी मागणार? म्हणून त्यानं लुस्कमला जेवायला बोलावलं. आता रिवाज असा, की कप्तानाच्या टेबलावर आधी कप्तानानं बोलायचं. तोवर पाहुण्यानं तोंड फक्त खायला उघडायचं. मी भिंतीवरून बघत होतो. कप्तानाचे ओठ उघडत, आणि शब्द बाहेर यायच्या ऐवजी चमचा आत जाई. सूप संपलं. खारवलेलं मांस संपलं. लुस्कम वाट बघत बसलेला.

शेवटी कप्तान खाकरला. "वाटाणे... बरे शिजलेत."

"होय, साहेब."

झालं जेवण!

दाराबाहेर खानसामा हॉबडे आचाऱ्याला म्हणत होता, "म्हातारा माफी मागायला बसला, आणि तुझ्या वाटाण्यांना शाबासकी देऊन उठला!"

"असू दे बाबा. मला एरवी कोण देतंय?"

थोड्याच दिवसांत लुस्कमला स्वतःचं जहाज मिळालं. मी आता तिथंच असतो, त्याच्या खोलीत. कडेला पोचे पडलेत. हिरवट डाग चढले की तो स्वतः आंबट शिरक्यानं घासतो. तोही एकटाच जेवतो म्हणा! माणसांनो, एवढंच सांगणं आहे, माणूस जवळ उभा असेल तेव्हा मला खाली ठेवत जा. माझ्यातून हळू बोलता येत नाही.

त्याच्याकडे कसा आलो ते सांगतो आणि थांबतो.

लुस्कमला न्यायला होडी लागली होती. खलाशी रांगेनं उभे. कप्तान मला काखेत मारून आला. दोस्त हातभर अंतरावर, आणि यानं सवयीनं मला तोंडाला लावलं! खलाशांनी हसू दाबलं. कप्तान ओशाळला. मला खाली घेऊन त्यानं लुस्कमच्या हातात ठेवलं.

"घे. तुझा आवाज बारीक आहे."

कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून 'तू' आलं. लुस्कमनं मला छातीशी धरलं. हलकेच म्हणाला, "अँब्रोज, ते वादळातलं माझ्या मनात नाही रे."

सगळ्या जहाजादेखत, आपल्या हाताखालच्या माणसापुढं, कप्तानानं डोक्यावरची टोपी काढली. क्षणभर तसाच उभा राहिला. मग टोपी घातली, वळला, आणि निघून गेला.